कोइनची चटई

ओनोतोआ बेट, ४ फेब्रुवारी १९९५

रिने,

मी दमले आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पत्रात मध्येच भडका उडाला, तर तो दमलेल्या बाईचा आहे हे तुला कळेल. आयुष्यभर शाळेत घसा फोडला, बायकांनी तोंड उघडायचं नसतं त्या सभाघरात म्हाताऱ्यांपुढे उभी राहून बोलले, आणि आता सख्ख्या बहिणीच्या घरात माझी जीभ टाळ्याला चिकटते.

विषय कोइनचा. तुझ्या थोरल्या आत्याची, वीरिकीची नात. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती खाडीत खेकडे पकडत होती. अजूनही पकडते, आणि अजून तेवढीच आहे. रिने, ती सतराची झाली. तिच्याबरोबर बाप्तिस्मा झालेल्या पोरींना मुलं झाली, आणि ती मुलं दिवसभर कोइनच्या कमरेवर असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोन भावंडं खेळताहेत.

इथे बाईचं वय वर्षांत धरत नाहीत, हे तुला सांगायला नको. पहिलं रक्त दिसलं, पोर नव्या चटईवर बसली, डुक्कर कापलं, की ती बाई. तोवर पोर. वीरिकीने कोइनसाठी विणलेली चटई आढ्याला गुंडाळून टांगली आहे. वाट बघून बघून तिचा रंग चहासारखा झालाय. सभाघरात कोइन कडेला, शेंबड्या पोरांच्या घोळक्यात बसते. तिला कोणी काही विचारत नाही आणि तिच्याकडे कोणी बुबुती करत नाही. आपल्या माणसाने हात पसरून मागितलं की नाही म्हणायचं नाही, या बुबुतीच्या रीतीला मी किती शिव्या घातल्या असतील! पण जिच्याकडे कोणीच कधी काही मागत नाही, ती माणसांत धरलेलीच नसते, हे या पोरीकडे बघून कळतं.

परवा मी वीरिकीला म्हटलं, "हिला डॉक्टरला दाखवू या."

"का? ताप आहे? खोकला आहे?"

"सतरा वर्षांची आहे ती!"

"मग? एखाद्या माडाला उशिरा नारळ धरतात. आधी रक्त येतं, मग उंची. रक्त आलं की बघ कशी सरसर वाढते."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर राहील माझ्याजवळ," ती म्हणाली, आणि माशाचे खवले काढू लागली.

ती ज्या सुरात हे म्हणाली तो सूर मला आवडला नाही.

तू डॉक्टर आहेस. मला धीर नको, उत्तर दे. पोर पोरच राहू शकते का? तिची मान आखूड आहे, दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत पसरट. मागचे केस मानेवर फार खाली उतरलेत. जन्मली तेव्हा हातपाय सुजलेले होते. सुईण म्हणाली, बाळसं आहे. डावा कान लहानपणापासून वाहतो, त्या कानाने कमी ऐकते. छाती सपाट. डोकं मात्र तल्लख. माझी निम्मी पुस्तकं वाचून झालीत तिची.

जहाज उद्या सुटणार म्हणतात. म्हणजे परवा.

तूरेका

•

तारावा, ६ मार्च १९९५

आत्या,

वॉर्डात जुलाबाची साथ आहे. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं आहेत आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपते. तुझं पत्र वाचलं आणि जागी झाले.

थोरल्या आत्याला सांग, तिने सगळं उलटं धरलंय. मुलीच्या वाढीत रक्त पहिलं येत नाही, जवळजवळ शेवटी येतं. आधी छातीला लहानशी गाठ धरते. बहुतेक मुलींना आठ ते तेराच्या दरम्यान. मग मुलगी झपाट्याने उंच होते, आणि पाळी येते ती त्यानंतर, छाती भरायला लागल्यापासून दोन-तीन वर्षांनी. पाळी आली की उंची थोडीशीच वाढायची उरते. तुम्ही जिला पायाभरणी समजून डुक्कर कापता ना, तेव्हा घरावर छप्पर चढत आलेलं असतं. म्हणून रक्ताची वाट बघत बसणं चुकीचं. तेरा उलटून गेली आणि छातीला काहीच नाही, तर वाट बघणं थांबवून मुलीला डॉक्टरकडे न्यायचं.

तू मानेबद्दल आणि सुजलेल्या हातापायांबद्दल लिहिलंस, त्यावरून मला एक शंका आहे. ती पत्रात लिहीत नाही. माझी शंका खोटी ठरली तरी तोवर ती बेटभर पसरलेली असेल. कोइनला घेऊन ये. माझ्या घरी राहा. तिचं हृदयही मला तपासायचंय.

आणि तू स्वतः जरा कमी बोल, जास्त झोप.

रिने

•

ओनोतोआ, २ एप्रिल १९९५

रिने,

येतोय. वीरिकीशी भांडण झालं आणि मी जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटत नाही.

"डॉक्टर कापणार तिला," ती म्हणाली.

"कापत नाहीत. बघतात."

"बघायचं काय त्यात? मी रोज बघते."

"बघतेस कुठे? तुला ती दहा वर्षांचीच दिसते!"

"तुला नात नाही म्हणून तू बोलतेस, तूरेका. पुस्तकं वाढवलीस, पोरं नाही वाढवलीस."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कोइन म्हणाली, "मी इथेच आहे. कमी ऐकते, बहिरी नाही. मला जायचंय."

वीरिकी बाकावर चढली, चटई खाली काढली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. "वाटेत झालं तर? परक्या चटईवर बसवणार आहेस तिला?"

रिने, तुला माझी मतं माहीत आहेत. पोरीच्या शरीराची बातमी डुक्कर कापून गावाला का द्यायची, असं मी सभाघरात विचारलं होतं, तेव्हा म्हाताऱ्यांच्या हातातल्या विड्या विझल्या होत्या. मी आजही तेच म्हणते. पोराला मिशा फुटल्या तर कोणी ढोल वाजवतं का? आणि मी आता तीच चटई खांद्यावर टाकून, खोबऱ्याच्या पोत्यांतून वाट काढत जहाज चढणार आहे. हसायचं तर हस.

तूरेका

•

तारावा, १९ जुलै १९९५

आत्या,

तुम्ही परत गेलात आणि घर ओकंबोकं वाटतंय. कोइनने माझ्या कपाटातलं शरीरशास्त्राचं पुस्तक सोबत नेलंय, हे मला कळलंय. ते ठेवू दे तिला.

ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या रक्ताचा निकाल आला. माझी शंका खरी निघाली. हे पत्र आधी कोइनला वाचायला दे. तिला वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे.

कोइन, माणसाच्या शरीराच्या प्रत्येक कणात एक आराखडा असतो. बाईच्या आराखड्यात एका जातीचे दोन धागे असतात. तुझ्यात जन्मापासून एकच आहे. हे कोणाच्या पापाने किंवा शापाने होत नाही, आईने काही खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने होत नाही. काही हजार मुलींमागे एक अशी जन्मते. जगात तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत, त्यांत शिक्षिका आहेत, डॉक्टरही आहेत. तो धागा नसल्यामुळे तुझे बीजांडकोश पुरते घडले नाहीत. मुलीला वाढवणारा रस तिथे तयार होतो, तो तुझ्या शरीरात होत नाही. म्हणून छाती भरली नाही आणि पाळी आली नाही. तू मागे पडलेली नाहीस. तुझं शरीर ज्या निरोपाची वाट बघतंय, तो निरोप कधी निघालाच नव्हता.

तो आपण गोळीतून पाठवू. सुरुवातीला अगदी थोडा. मग हळूहळू वाढवू. छाती भरेल, हाडं बळकट होतील. साधारण दोन वर्षांनी दुसरी गोळी जोडू, आणि मग पाळीही येईल. उंची फारशी वाढणार नाही. ते खोटं सांगत नाही. हृदय ठीक आहे, पण दर वर्षी तपासायचं. कानावर उपचार करायचे.

आणि एक. तुझ्या पोटी मूल होणं जवळजवळ अशक्य आहे. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. कोणत्याही शब्दांत लिहिलं तरी ते तेवढंच जड राहतं.

आत्या, गोळ्या सोबत पाठवते. गावात बोलू नकोस. या वेळी खरंच बोलू नकोस.

रिने

•

ओनोतोआ, ३ सप्टेंबर १९९५

रिने,

पत्र तिच्या हातात दिलं. ती घेऊन तारोचे कंद लावतात त्या पाणथळ खड्ड्याकडे गेली आणि दुपारभर तिथेच बसली. मी लांबून बघत राहिले. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि पहिला प्रश्न काय? "म्हणजे मी सतरा वर्षांचीच आहे ना? खरोखरची?"

"खरोखरची."

"मग माझ्याच वयाच्या तेरेसाच्या पोराचा लंगोट मी का धुते?"

मला हसू आवरेना. तीही हसली, मग रडली. नंतर आम्ही दोघींनी टिनमधलं मटण भाताबरोबर खाल्लं, वीरिकीला न विचारता.

वीरिकीला मी निम्मंच सांगितलं: गोळ्या घेतल्या की वाढेल. मुलाचं कोइनने स्वतः सांगितलं. वीरिकी रात्रभर खोबरं खवत बसली. सकाळी बघते तर एवढं तेल निघालं होतं की अर्ध्या गावाच्या डोक्याला पुरलं असतं.

आता माझी गंमत ऐक. मी कोइनला म्हटलं, "बरं झालं, त्या चटईच्या नाटकातून सुटलीस. तुला बाई ठरवायला डुकराची गरज नाही." केवढं भाषण दिलं मी! स्वातंत्र्य, शरीर, लाज, सगळं काढलं. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तूरेका आजी, तू त्या चटईवर बसली होतीस ना?"

"बसले होते. नाइलाजाने."

"मग उठून तिच्याविरुद्ध बोललीस. मला आधी बसू तर दे."

सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून जे कधी जमलं नाही, ते या पोरीने एका वाक्यात केलं. मी गप्प बसले.

वीरिकी तेवढ्यात म्हणाली, "गोळीचं रक्त चालतं का पण?" तुला माहीत आहे का?

तूरेका

•

तारावा, १५ जानेवारी १९९६

आत्या,

"चालतं का" याचं उत्तर वैद्यकात नाही. दुसऱ्या प्रश्नाचं मात्र मला तुमच्याकडून उत्तर हवंय.

वर्षभराच्या गोळ्या पाठवल्या होत्या. दवाखान्याच्या रेडिओवरून निरोप येतो की संपल्या. कशा संपल्या? कोइनने जास्त घेतल्या का? घाई करून उपयोग नाही. तो रस एकदम जास्त गेला तर छाती नीट भरत नाही, हाडांची टोकं लवकर जुळतात आणि जी थोडी उंची मिळण्याची आशा आहे तीही जाते. मी इथे औषधखात्यात भांडून या गोळ्या मिळवते. माझ्या टेबलावर आज सकाळपासून कोणकोण मरणाच्या दारात होतं ते लिहीत नाही. पण कृपा करून खरं लिही.

रिने

•

ओनोतोआ, २० फेब्रुवारी १९९६

रिने,

कोइनने एकही गोळी जास्त घेतलेली नाही. तिचं शांतपणे चालू होतं. नाताळच्या सुमारास अंघोळीला जाताना ती लुगडं छातीपर्यंत वर बांधू लागली. वीरिकीला आणि मला ते एकाच वेळी दिसलं आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

पण गावानेही पाहिलं. आणि शेजारची आरेन, तिची भाची तिनाई बाराची झाली तरी वाढत नाही म्हणून ती काळजीत, ती एका संध्याकाळी वीरिकीकडे आली, बसली, आणि म्हणाली, "वीरिकी, मी बुबुती करायला आलेय. पोरीला बाई करणाऱ्या गोळ्या तुझ्याकडे आहेत."

वीरिकीने दिल्या. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी आली, तिसऱ्या दिवशी आणखी. डबा रिकामा झाला तेव्हा मला कळलं.

मी किंचाळले. "ते औषध होतं, वीरिकी! मीठ-साखर नव्हे!"

"मागितलं. नाही कसं म्हणू?"

"नातीच्या तोंडातलं काढून दिलंस!"

मग ती हळूच म्हणाली, "संपल्या तर संपल्या, वाटलं. ती मोठी झाली की जाईल. तुझ्यासारखी तारावाला शिकायला जाईल. लहान होती तोवर माझी होती."

रिने, मी तिला मारायला उठले होते, ती खाली बसले. या वाक्याशी भांडायचं कसं, हे एवढी पुस्तकं वाचून मला कुठे सापडलं नाही.

पण गोळ्यांशी भांडता येतं. मी कोइनला विचारलं, "सभाघरात बोलू?" ती म्हणाली, "गोळ्यांबद्दल बोल. माझ्याबद्दल मी बोलेन."

शनिवारी सभाघर भरलं. मी बुबुती केली. गावभराकडे. "ज्यांच्या घरी कोइनच्या गोळ्या आहेत, त्यांच्याकडे मी हात पसरते. मला त्या परत द्या."

एक म्हातारा म्हणाला, "तूरेका, या रीतीला तूच जळू म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. आज जळू माझ्या हातात आहे. द्या."

लोक हसले, पण उठेना कोणी. मी सांगितलं, ज्या मुलीच्या शरीरात हा रस आपोआप तयार होतो, तिला गोळी दिली तर तिची वाढ लवकर थांबेल. तिनाईला मोठं करायला निघालात आणि बुटकी ठेवून बसाल. आरेनचा चेहरा पडला. तरी सगळे एकमेकांकडे बघत होते. तेव्हा पोरांच्या घोळक्यातून कोइन उठली. त्या घोळक्यातून आजवर कोणी बोललेलं नाही.

ती म्हणाली, "मी अठरा वर्षांची आहे. माझ्या शरीरात हे बनत नाही. तुमच्या बनतं. म्हणून मला पाहिजे."

एवढंच. आणि खाली बसली.

गोळ्या आल्या. लुगड्याच्या गाठीतून, बायबलमधून, तंबाखूच्या डबीतून. एकीने अंडी न घालणाऱ्या कोंबडीला दिल्या होत्या. कोंबडी अजून घालत नाही. सगळ्या काही आल्या नाहीत. तिनाईला आरेनने चारच दिल्या होत्या, ती बरी आहे, पण तू विचारशील म्हणून लिहिते. तिच्या छातीला सुरुवात झालेली आहे, गोळ्यांच्या आधीपासून. तू सांगितलेलं आधी-नंतर मी आता गावात सगळ्यांना शिकवते. कोणी ऐकत नाही. मी तरी शिकवते.

तूरेका

•

तारावा, १७ मार्च १९९६

आत्या,

तिनाईला काही होणार नाही. तिचं शरीर आपल्या वेळेने चाललंय. तिला चांगलं खाऊ घाला आणि गप्प बसा.

नवा डबा पाठवते. झाकणावर मी कोइनचं नाव लिहिलंय. डबा तुझ्याकडेही नको, थोरल्या आत्याकडेही नको. तिचं औषध तिच्याजवळ राहू दे.

थोरल्या आत्याला माझ्याकडून रागाचं काही सांगू नकोस. माझ्या आईने मला शिकायला पाठवलं तेव्हा तीही जहाज सुटेपर्यंत माझी वेणी पुन्हा पुन्हा सोडून घालत होती.

रिने

•

ओनोतोआ, २६ ऑक्टोबर १९९७

रिने मावशी,

तूरेका आजीची तब्येत बरी नाही, छातीत कफ आहे. म्हणून पत्र मी लिहितेय. तिने मला अंथरुणातून मजकूर सांगायला सुरुवात केली होती, पण तो फारच लांबला. मी थोडक्यात लिहिते.

दुसरी गोळी जोडल्यावर पाळी आली. तू लिहिलं होतंस तशीच, त्या गोळ्या संपल्यावर. मी तुझ्या पुस्तकात तीन वेळा वाचलं होतं, तरी घाबरले.

वीरिकी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "गोळीचं की तुझं?"

मी म्हटलं, "गोळी मी गिळली. मग माझंच."

ती बाकावर चढली आणि आढ्याची चटई काढली. आता तिला चढवत नाही, मी बाक धरला. चटई पसरली तर ती माझ्यापेक्षा खूप लांब निघाली. आजी म्हणाली, कापू का? मी म्हटलं, नको, पाय पसरून बसेन. रीतीप्रमाणे त्या दिवसांत काम करायचं असतं, म्हणून मी विणत बसले. तूरेका आजी शेजारी खोकत बसली होती आणि ही रीत का मोडली पाहिजे ते मला समजावत होती. तिने एकदाही उठून जायचं नाव काढलं नाही.

डुक्कर कापलं. मला तेल लावलं, नवा झगा घातला. आजीने झगा बाईच्या मापाचा शिवला होता, तो दुमडून टाके घालावे लागले. सभाघरात मी बायकांच्या रांगेत बसले. तेरेसाचा पोरगा धावत आला आणि म्हणाला, "कोइन, इकडे काय बसलीस? चल, आपल्या जागेवर." सगळे हसले. मी त्याला मांडीवर घेतलं आणि तिथेच बसून राहिले.

पुढच्या वर्षी मी तारावाला येते, शिकायला. आजीने हो म्हटलंय. ती रोज माझे केस विंचरते, दिवसातून दोनदा.

आता खरी गोष्ट. मेजवानी झाल्यावर आरेन आमच्या घरी आली. आजी चुलीजवळ होती, तूरेका आजी अंथरुणावर. आरेन वाकून त्या दोघींच्या पुढून गेली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, काहीतरी चुकलं. ती म्हणाली, "कोइन, मी बुबुती करायला आलेय. तिनाईचा दिवस जवळ आलाय आणि माझ्या हातांचे सांधे धरलेत, विणता येत नाही. तुझी चटई दे."

मावशी, तिने माझ्याकडे मागितलं. आजीकडे नाही.

आजीच्या हातातला चमचा थांबला. तूरेका आजी खोकायची थांबली. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी चटई गुंडाळली आणि तिला दिली. गोळ्या मागितल्या असत्या तर नाही म्हटलं असतं.

कोइन